मुक्या जिवाचे ताट आणि वैद्याचा शब्द

श्रावकाच्या घरी जीवदया म्हटली की पूर्वी काही ठरावीक गोष्टी डोळ्यांपुढे येत. पांजरपोळीला वर्षाकाठी पाठवायची रक्कम, पर्युषण-दशलक्षणाच्या दिवसांत सोडवलेले जीव, गच्चीवर पाखरांसाठी ठेवलेले दाणे आणि पाणी, दाराशी येणाऱ्या गाई-कुत्र्यांची पोळी. जीव दाराबाहेर असे आणि आपला हात दारातून बाहेर जात असे. आता मुलांच्या हट्टामुळे म्हणा, लहान झालेल्या कुटुंबांमुळे म्हणा, कुत्रे आणि मांजर उंबरठा ओलांडून घरात आले आहेत. जीव घरात आला की त्याचे ताटही घरात येते, आणि खरा पेच त्या ताटापाशी सुरू होतो.

पशुवैद्य जनावर तपासतात आणि चिठ्ठीवर एका खाद्याचे नाव लिहून देतात. पाकीट उलटून पाहिले की घटकांत कोंबडी किंवा मासळी आढळते. घरातली वडील माणसे म्हणतात, ‘हे आपल्या घरात येणार नाही.’ पेढीवर बसणारा मुलगा म्हणतो, ‘डॉक्टरांना यात कमिशन असते.’ सून म्हणते, ‘डॉक्टरांनी सांगितले आहे, तर द्यायलाच हवे.’ तिघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य असते, म्हणून वाद मिटत नाही. मग बहुतेक घरे एक मधला मार्ग काढतात. मांजराला दूध-पोळी चालू राहते आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितले जाते, ‘सगळे व्यवस्थित खाते.’ या मधल्या मार्गाची किंमत मात्र त्या मुक्या जिवाला मोजावी लागते.

पशुवैद्याच्या सल्ल्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न एकच वाटतो, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. जनावराच्या शरीराला काय लागते, हा पहिला. ते कोणत्या पाकिटातून द्यावे, हा दुसरा. आपल्या व्रतात ते बसते का, हा तिसरा. पहिल्यात वैद्याचा शब्द प्रमाण मानावा. दुसऱ्यात तो व्यापाऱ्याच्या नजरेने पारखून घ्यावा. तिसऱ्याचे उत्तर वैद्याकडे मागूच नये. या तिन्हींची सरमिसळ होते, तेव्हा घरात भांडण होते आणि जनावर आजारी पडते.

जीवदयेची आपली परंपरा

हा विषय आपल्या समाजाला नवा नाही. १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारच्या हुकमाने रस्त्यावरची कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाजाने जोरदार विरोध केला, व्यवहार बंद पडले आणि हिंदू-जैन व्यापारीही त्यात सामील झाले. त्यानंतर १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ, म्हणजेच मोतीचंद अमीचंद, यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून पट्टी बसवून तिचा खर्च चालवला. कुत्र्यांवरून सुरू झालेल्या प्रश्नातून उभ्या राहिलेल्या या संस्थेचे एक शिल्पकार शत्रुंजयावर टूक बांधणारे श्रावक होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. चांदणी चौकातल्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. तेथे दाणे-फळे खाणाऱ्या पक्ष्यांना दाखल करून घेतात. घार किंवा ससाण्यासारखा मांसाहारी पक्षी आणला तर त्याच्यावरही उपचार होतात, पण त्याला मुक्कामी ठेवत नाहीत. जखमी घारीला कोणी ‘तू मांस खातेस’ म्हणून परत पाठवत नाही आणि तिला दाण्यांवर जगवण्याचा आग्रहही कोणी धरत नाही. तिच्या देहाचा स्वभाव मान्य आहे, आपल्या व्रताची मर्यादाही मान्य आहे, आणि दोन्ही सांभाळून जेवढी सेवा करता येते तेवढी केली जाते. घरातल्या कुत्र्या-मांजराच्या बाबतीत हाच विवेक हवा.

शरीराला काय लागते

मांजर आणि कुत्रा यांना आपण एका जोडीत बोलतो, पण आहाराच्या दृष्टीने दोघांत मोठे अंतर आहे.

मांजराचे शरीर मांसावरच घडलेले आहे. टॉरीन नावाचे एक द्रव्य ते स्वतःपुरते पुरेसे तयार करू शकत नाही. गाजर-भोपळ्यातल्या पिवळ्या रंगद्रव्यापासून आपण जीवनसत्त्व ‘अ’ बनवतो, मांजराला ते साधत नाही. त्याला काही स्निग्धाम्लेही तयार स्वरूपातच लागतात. टॉरीन कमी पडले तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन मांजर आंधळे होऊ शकते, हे १९७० च्या दशकात लक्षात आले. पुढे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यांनी दाखवले की, हृदयाचे स्नायू पातळ होऊन मांजरे दगावण्यामागेही टॉरीनचीच कमतरता होती. विशेष म्हणजे ती मांजरे बाजारात मिळणारे तयार खाद्यच खात होती. त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातले टॉरीनचे प्रमाण वाढवले आणि हा आजार बराच आटोक्यात आला. आधीचे तयार खाद्य अपुरे होते, ही गोष्ट येथे उघड झाली. पण ती उघड करणारेही पशुवैद्यच होते.

कुत्र्याचे तसे नाही. माणसाच्या सहवासात हजारो वर्षे राहून त्याने माणसाचे अन्न पचवायला शिकून घेतले आहे. पिष्टमय अन्न पचवणारे पाचकद्रव्य ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर प्रौढ, निरोगी कुत्रा चांगला राहू शकतो. ब्रिटनमधील पशुवैद्यांच्या संघटनेने, ब्रिटिश व्हेटरनरी असोसिएशनने, कुत्र्यांच्या अशा आहाराला असलेला आपला जुना विरोध २०२४ साली सोडला. मांजरांसाठी मात्र तशी मोकळीक दिली नाही. पुरावा बदलला की वैद्यकाचा सल्लाही बदलतो. त्याला कोणी धरसोड म्हणू नये. भाव बदलल्यावर जुन्याच भावाने सौदा करणारा व्यापारी आपल्यालाही शहाणा वाटत नाही.

येथे ‘नीट आखलेला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वरण-भात, दूध-पोळी आणि थोडे तूप म्हणजे आखलेला आहार नव्हे. त्यात कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्व ‘ड’, काही अमिनो आम्ले यांचा मेळ बसत नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडले तरी हाडे बिघडतात आणि प्रेमाने जास्त गोळ्या दिल्या तरी बिघडतात. २०१३ साली डेव्हिसच्याच संशोधकांनी कुत्र्यांच्या घरगुती आहाराच्या २०० कृती तपासल्या. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक कमी निघाला. ज्या ९ कृती सर्व कसोट्यांना उतरल्या, त्यांतल्या ८ पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. मात्र कमी पडलेल्या कृतींतही पशुवैद्यांनी लिहिलेल्या पुष्कळ होत्या. याचा अर्थ असा की केवळ पदवी पुरत नाही. पोषणशास्त्राचा वेगळा अभ्यास असलेला पशुवैद्य शोधावा लागतो.

आपल्या स्वयंपाकघराच्या जमेची एक बाजूही सांगायला हवी. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशींना घातक असतात, आणि कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात हा धोका आपोआप टळतो. पण द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. चॉकलेट आणि साखरेऐवजी वापरले जाणारे झायलिटॉल ही विषेच आहेत. दिवाळीत पेढीवरून घरी येणारे सुक्या मेव्याचे डबे आणि चॉकलेटचे खोके म्हणूनच उंचावर ठेवावेत.

शंका कोठे घ्यावी

आता दुसरा प्रश्न. पाकिटाचे नाव सुचवणाऱ्या वैद्याचा त्यात काही लाभ असतो का? कधी असतो, कधी नसतो. अनेक दवाखान्यांत तेच खाद्य विकायलाही ठेवलेले असते, आणि विक्रीवर नफा असतो. नफा हा काही दोष नव्हे. आपली सारी पेढी नफ्यावरच चालते. मात्र तराजू आणि माल दोन्ही एकाच हातात असले की ग्राहकाने वजन पाहून घ्यावे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या खाद्यांचा इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाच्या अंध गृहस्थाचा बडी हा मार्गदर्शक कुत्रा मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होता. १९३९ च्या सुमारास डॉ. मार्क मॉरिस या पशुवैद्याने त्याच्यासाठी वेगळा आहार तयार केला. त्यातूनच पुढे हिल्स कंपनीची औषधी खाद्ये आली. रॉयल कॅनिनही १९६८ साली एका फ्रेंच पशुवैद्यानेच सुरू केली. वैद्य आणि खाद्य यांचे नाते असे उपचारातून जन्मले. पण आज हिल्स ही कोलगेट-पामोलिव्ह समूहात आहे आणि रॉयल कॅनिन मार्स समूहात. याच मार्स समूहाकडे अमेरिकेत पशुरुग्णालयांच्या मोठ्या साखळ्याही आहेत. खाद्य बनवणारा आणि खाद्य सुचवणारा एकाच छत्राखाली आला की प्रश्न विचारणे हा ग्राहकाचा हक्कच ठरतो.

मोठे नाव म्हणजे खात्री, असेही नाही. २००७ साली उत्तर अमेरिकेत अनेक नामांकित खाद्ये बाजारातून मागे घ्यावी लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या प्रथिनात मेलामाइनची भेसळ होती. प्रथिनाचे माप त्यातल्या नायट्रोजनवरून ठरवतात आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून हलका माल कागदावर भारी दिसत होता. धान्याच्या बाजारात आयुष्य काढलेल्यांना ही युक्ती समजायला वेळ लागणार नाही. त्या खाद्याने कित्येक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. भेसळ ज्या घटकात होती तो शाकाहारी होता, हेही विसरू नये. हिरवे चित्र पाहून निर्धास्त होता येत नाही.

उलट्या दिशेचा धडा २०१८ सालचा. ‘धान्यविरहित’ म्हणून गाजावाजा झालेल्या, वाटाणा-मसुरासारख्या कडधान्यांवर आधारलेल्या काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध असावा का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुरू केली. ठाम कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही आणि २०२२ च्या अखेरीस त्या विभागाने नियमित माहिती देणे थांबवले. अशा विषयात ‘हे नक्की आहे, हे अजून नक्की नाही’ असे सरळ सांगणारा वैद्य विश्वासाला अधिक पात्र आहे. ज्याला सगळेच ठाऊक असते, त्याच्यापासून सावध राहावे, मग तो दवाखान्यात बसलेला असो की मोबाइलवर बोलत असो.

पाकिटावरच्या ठिपक्याविषयीही एक खुलासा हवा. माणसांच्या अन्नावरचा हिरवा ठिपका अन्नसुरक्षा कायद्याच्या चौकटीत येतो. २००६ च्या या कायद्यात ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. त्यामुळे जनावरांच्या पाकिटावर ‘शाकाहारी’ लिहिलेले असले, तरी घटकांची यादी शब्दन्‌शब्द वाचावी. माशाचे तेल, अंड्याची भुकटी किंवा प्राणिज चरबी त्या यादीत असू शकते.

वैद्याला विचारायचे प्रश्न

माल घेताना आपण नमुना पाहतो, बिल पाहतो, परतीची बोली करतो. येथेही तसेच करावे. पशुवैद्याला नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे.

एक, हे खाद्य आजारावरचे आहे की रोजचे? मूत्रपिंड, मूत्रखडे, मधुमेह अशा विकारांत सुचवलेले खाद्य हे औषधासारखे असते, ते स्वतःच्या मनाने बदलू नये. रोजच्या खाद्यात मात्र निवडीला जागा असते.

दोन, याच गुणाचे दुसरे कोणते खाद्य चालेल? एकच नाव सांगणाऱ्याने त्याचे कारणही सांगावे.

तीन, हे खाद्य पूर्ण आणि संतुलित आहे, असे कोणत्या मानकानुसार म्हटले आहे? अमेरिका आणि युरोपात अशी मानके आहेत, भारतीय मानक ब्यूरोचेही या खाद्यांसाठी मानक आहे. पाकिटावर तसा उल्लेख आहे का, आणि ते पिल्लासाठी आहे की प्रौढासाठी, हे पाहावे.

चार, दिवसाला किती ग्रॅम द्यायचे? किती आठवड्यांत काय फरक दिसावा आणि तो कोणत्या तपासणीत कळेल? ज्या सल्ल्याचा परिणाम मोजता येतो, तोच सल्ला पुढे पारखता येतो.

पाच, आमच्या घरी मांस-अंडे येत नाही, या मर्यादेत काय शक्य आहे आणि काय अजिबात शक्य नाही?

हा पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. संकोचाने आपण तो विचारत नाही आणि वैद्य गृहीत धरतो की चिठ्ठीप्रमाणे चालले आहे. मग रक्त तपासले तरी निदान चुकते, कारण पाया असलेली माहितीच खोटी असते. खोट्या खतावणीवरून मुनिमाला खरा ताळेबंद काढता येत नाही. वैद्यावर विश्वास ठेवावा का, असे विचारण्याआधी वैद्याने आपल्या शब्दावर विश्वास ठेवावा असे आपण वागतो का, हे पाहायला हवे.

व्रताचा प्रश्न

राहिला तिसरा प्रश्न. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाचे अन्नपाणी रोखणे हा व्रताला लागलेला दोष आहे. पोट भरले पण शरीराला जे हवे ते मिळालेच नाही, तर तेही रोखणेच नव्हे काय? मांजराला दूध-पोळीवर ठेवून आपण हिंसेपासून दूर राहिलो असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे डोळे आणि हृदय हळूहळू त्याची किंमत मोजत असतात. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट तर मांजराच्या बाबतीत फारच घातक आहे. काही दिवस खाणे सुटले, विशेषतः मांजर लठ्ठ असेल, तर त्याच्या यकृतात चरबी साचून जीव जाऊ शकतो. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न न देणे ही क्रूरताच मानली आहे.

दुसरीकडे, मांसाचे पाकीट विकत घेणे म्हणजे कारित आणि अनुमोदित हिंसेत वाटा उचलणे, ही वडील माणसांची टोचणी खोटी नाही. तिला जुनाट म्हणून हसण्यात अर्थ नाही. श्वेतांबर परंपरेतल्या पंधरा कर्मादानांत असतीपोषणाचा समावेश आहे आणि त्याच्या विवरणात धनासाठी कुत्री-मांजरे पाळण्याचाही उल्लेख येतो. घरातले मांजर काही धनासाठी पाळलेले नसते. तरी कोणता जीव पोसायचा याचा विचार श्रावकाने पोसण्याआधी करावा, हा त्यातला इशारा आपल्याला लागू पडतो.

म्हणून निर्णयाची खरी वेळ दवाखान्यात येत नाही, ती जनावर घरी आणण्याआधी येते. ज्या घराला मांस-मासळी कोणत्याही रूपात चालणार नाही, त्या घराने मांजर आणू नये. मुलांना जीव लावायचाच असेल तर ससा आहे, किंवा शाकाहारी आहारावर आखणी करून ठेवता येईल असा कुत्रा आहे. तोही कोणत्या जातीचा, किती वयाचा, हे पशुवैद्याला आधी विचारून आणावा. पांजरपोळीतल्या एखाद्या गाईचा किंवा वासराचा खर्च घरातल्या मुलाच्या हाताने भरला, तरी मुलाचे प्रेम आणि आपले व्रत दोन्ही जपली जातात.

मांजर आधीच घरात असेल तर मार्ग अवघड आहे, पण बंद नाही. कारखान्यात तयार केलेले टॉरीन आणि इतर द्रव्ये घातलेली मांसविरहित मांजरखाद्ये परदेशात मिळतात. मात्र अशा आहारात लघवीचा आम्लपणा कमी होऊन खडे होण्याचा धोका राहतो आणि बहुतेक पशुवैद्य तो आहार सुचवत नाहीत. ज्यांना तो मार्ग धरायचाच आहे, त्यांनी नियमित तपासणीविना धरू नये. कोणी स्वयंपाकघराबाहेर, वेगळ्या भांड्यात वैद्याने सांगितलेले खाद्य देतात आणि तो दोष जाणून आलोचना करतात. कोणी मांजराला समजून घेणारे दुसरे चांगले घर शोधून देतात. यांपैकी काय करावे, हे ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना, महाराजसाहेबांना विचारून ठरवावे. एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. मांजराला रस्त्यावर सोडून देऊ नये, आणि घरात ठेवून अर्धपोषित मारू नये.

वैद्य आपल्याला देहाचा नियम सांगेल, बाजार आपल्याला मालाचा भाव सांगेल. आपण कोणाचा सांभाळ स्वीकारला आहे आणि तो शेवटपर्यंत कसा निभवायचा, हे मात्र आपले आपल्यालाच ठरवावे लागेल. मुक्या जिवाला वैद्य निवडता येत नाही, पाकीट वाचता येत नाही आणि व्रतही घेता येत नाही. ती तिन्ही कामे त्याच्या वतीने करण्याचे आपण पत्करले आहे.